चिंध्यांचा राब

वाघजाईची आन घेऊन, पार खालच्या आळीला ऐकू जाईल असं वरडून सांगते, ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय! ज्याला वाटंल म्हातारी फेकतीय, त्यानं कुरवंड्याला यावं, माझ्या म्होरं बसावं आन मला तोंडावर खोटी म्हनून दावावं. आजपातुर दोघं आले. एकाचं त्वांड अजून वाकडं हाय.

मी चिमाबाई. वय इचारू नका, आधार कार्डावर एक हाय आन गुडघ्यात दुसरंच हाय. बांधाच्या पल्याड माझी धाकटी जाऊ, भागुबाई. दोघींचे नवरे वर गेले. वाटण्या झाल्या त्येला वीस वरसं झाली, तवापासनं आमी एकमेकींशी बोलत न्हाई. म्हंजी बोलतो, पन सरळ न्हाई. तिला मला काय सुनवायचं असलं की ती आपल्या म्हशीला सुनावती. मला तिला सुनवायचं असलं की मी माझ्या शेळीला सुनावते. जनावरं बिचारी वीस वरसं आमच्या शिव्या खात्यात, पन दूध द्यायची थांबली न्हाईत.

वाटणीत वावर वाटलं, भांडी वाटली, आन कणगीतलं आंबेमोहराचं बी निम्मं-निम्मं वाटलं. आमच्या सासूचं बी त्ये. आता गावानं समद्यांनी नवी बियानी धरली, त्येला उतारा जास्त. ह्ये जुनं फकस्त आमच्या दोन घरांत ऱ्हायलं. त्येचा भात चुलीवर चढला की वास कुठवर जातो म्हनता? एकदा मालगाडीचा डायवर खंडाळ्याला गाडी उभी करून, डोंगर चढून माझ्या दारात आला आन म्हनला, "मावशी, एक मूद वाढा, मग गाडी हालवतो." तवर घाटात मागं सात गाड्या खोळंबल्यावत्या. वाघजाईची आन.

पन ह्या बियाचा एक वांधा हाय. वरसाच्या वरसाला पेरलंच पायजे. जास्त दिस ठिवलं की दाणा मरतो. औंदा माझ्याकडं जेवढं व्हतं तेवढं समदं मी पेराया काढलंवतं. माझी रोपं गेली तर माझ्या घरातनं सासूचं बी कायमचं गेलं. मग त्ये मागायचं कुनाकडं? भागीकडं. त्यापरीस मी नागफणीच्या कड्यावरनं उडी मारीन, असं मी शेळीला लय येळा सांगितलंवतं.

शेहरातल्यांना राब ठाव नसंल, तर सांगते. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची त्येला आमी दाढ म्हंतो. उन्हाळ्यात त्या दाढंवर शेणकूट, पाला, टहाळ, गवात असं थरावर थर अंथरायचं, वर बारीक माती टाकायची आन वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवून द्यायचं. निवांत धुमसत ऱ्हातं. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत व्हती, राखेचं खत व्हतं. मग त्यात बी पेरायचं. ह्यो राब. लगीन होऊन आल्यापासनं दर साली मी भाजला, डोळं झाकून.

औंदा टहाळाचीच बोंब झाली. वरच्या अंगाची समदी झाडं बंगल्यांच्या कुंपनात गेली. फांदीला हात लावला की आतनं कुत्रं येतं, कुत्र्यामागं वॉचमन येतो, आन वॉचमनमागं त्या कुत्र्यापरीस वंगाळ अशी बाई येती. रानात जावं तर गार्ड उभा. आन माझं गुडघं असं वाजत्यात की गार्डाला लांबनंच कळतं, चिमाबाई निघाली.

तवा आला कैलास. ह्यो टेम्पोवाला, वराळ्याचा. तिथं एका शेडमंदी बायका मशिनीवर कपडे शिवत्यात. कापताना ज्या चिंध्या पडत्यात त्या कैलास उचलतो. उचलतो म्हंजी कुटंतरी नेऊन टाकतो. पयले घाटात टाकायचा, आता तितं कॅमेरे आले.

"मावशी, राबाला जळण पायजे का?" म्हनला. "वीस गोण्या हायत. शुद्ध सुती. आन कापूस म्हंजी झाडच की वो!"

"फुकाट?"

"फुकाट. वर उतरवून बी देतो."

कैलास फुकाट उतरवून देतोय म्हंजी त्यात गोम हाय, ह्ये मला कळाया पायजे व्हतं. पन मला त्येचं ते बोलनं पटलं. पाला झाडाचा, कापूस बी झाडाचा. पाल्यानं भाजतं तर कापसानं का न्हाई भाजनार? मी म्हनले, टाक.

बांधावरनं भागी म्हशीच्या कानात वरडली, "आगं ये चंद्रे, बग बग! थोरल्या घरात आता मातीला झंपर घालनार! सासू पाल्यानं राब भाजायची, ती येडीच व्हती व्हय गं?"

मी शेळीला म्हनले, "ठमे, काई लोकांच्या पोटात दुखाय लागलं की त्येंच्या म्हशी आटत्यात. तू आपला पाला खा."

तेरा गोण्या मी दाढंवर वतल्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, टिकल्याच्या, जाळीच्या. सात गोण्या शेळीच्या गोठ्यात ठिवल्या, म्होरल्या सालाला. वर माती टाकली आन काडी लावली.

राब कसा, म्हाताऱ्या मानसावानी जळतो, पुटपुटत. ह्यो पेटला तो बोंबलतच पेटला. धूर निघाला काळा, डांबरावानी. त्यो वर चढला, वर चढला, आन नागफणीच्या सुळक्याला जाऊन भिडला. त्या सुळक्याला सायबाच्या येळेपासनं लोक नाक म्हंत्यात. तर त्या नाकाला शिंक आली. व्हय! अशी शिंक की वरनं दोन दगड सुटले आन फोटो काढाया गेलेली पोरं चपला सोडून खाली पळाली. लोणावळ्यापातुर आवाज गेला. लोक म्हनले, सुरुंग. सुरुंग कशाचा, माझा राब व्हता तो.

दुसऱ्या दिशी बगाया गेले तर राख न्हाई. राखेची जागा एका काळ्या पापुद्र्यानं घेतलीवती. तव्यावर डोसा चिकटून जळावा तसा समद्या दाढंवर. कुदळ मारली तर कुदळ टण्णकन उडाली. मधीमधी पितळंची बटनं आन चेनीचे दात चमकत व्हते, मातीला जनू दात फुटले.

तवाच समदं उपसून टाकाया पायजे व्हतं. मला कळत व्हतं. पन बांधावर भागी उभी. उपसलं म्हंजी तिचं खरं झालं. म्हनून मी काय केलं, त्या पापुद्र्यावर नदीकडची बारीक माती चार बोटं पसरली, वरनं हात फिरवला आन शेळीला मोठ्यानं म्हनले, "काय झ्याक राब भाजलाय गं ठमे!" आन रोहिणी लागल्या तवा त्यावर सासूचं बी पेरलं. समदं.

तिकडं गोठ्यातल्या गोण्यांनी येगळाच तमाशा मांडला. एक गोणी शेळीनं फाडली. चार दिस तिच्या लेंड्या चमकत व्हत्या, टिकल्या लावल्यावानी. कोंबडीनं अंडं घातलं, फोडलं तर आत चार भोकाचं बटन, शिवायला तयार. उरल्या चिंध्या वाऱ्यानं उडाल्या आन खालच्या वगळीत, ओढ्यात गेल्या. आन ती वगळ म्हंजी साधी न्हाई. इंद्रायणी आमच्या कुरवंड्यातनंच निघती. म्होरं लोक तिला हात जोडत्यात, पन ती लेक आमची हाय. त्या लेकीच्या गळ्यात माझ्या चिंध्या लटकत निघाल्या. भागी म्हशीला पानी पाजताना एक एक चिंधी काठीनं काढायची आन माझ्या बांधावर वाळत घालायची. म्हशीला म्हनायची, "चंद्रे, थोरल्या आक्कांचं धुनं वाहून चाललंय बग!"

मिरगात भागीची दाढ हिरवीगार झाली. पोपटाचा थवा बसल्यावानी. आन माझी? टकल्याच्या डोक्यावर जसे चार केस पिवळे उभे ऱ्हात्यात, तशी चार काडं. मी वाट बगितली. आठ दिस. दहा दिस. मग एका सकाळी भागी बाजाराला गेली तवा खुरपं घेतलं आन उकरलं.

दाणे उगवले व्हते. ह्येच लय वाईट. दाण्याला कोंब फुटलावता, मुळं सुटलीवती, आन मुळं खाली जाऊन त्या पापुद्र्याला थडकलीवती. मग ती आडवी पळालीवती, वाट शोधत, गोल गोल. खाली पानी मुरत न्हाई, वर साचून ऱ्हायलेलं. एकेक दाणा आपल्याच मुळांचं वेटोळं करून कुजलावता. मी एक हातावर घेतला. हुंगला. आंबेमोहराचा वास यायच्या ऐवजी जळक्या रबराचा वास आला.

मी रडले न्हाई. मला राग आला. राग आला की माझं डोकं चालतं.

गोठ्यात गेले, शाबूत गोण्या वतल्या. एकीच्या तळाशी कापडी चिठ्ठ्यांची आख्खी माळ निघाली, कपड्याच्या मानंला शिवत्यात तसली. मी चौथी शिकले हाय. अक्षर लावून लावून वाचलं. हिरवं पान काढलेलं आन खाली, "हिरवा काठ, खंडाळा. शंभर टक्के सुती. मातीतून आलेलं, मातीत मिसळणारं."

मातीत मिसळणारं! मी त्या चिठ्ठीवर थुकले आन कैलासला फोन लावला.

"मुडद्या, ह्ये सुती हाय?"

"मावशी, मला शेडवाल्यांनी सुती सांगितलं."

"तू काडी लावून बगितलंस?"

"मी टेम्पो चालवतो मावशी, काड्या लावत न्हाई."

"मग आता टेम्पो घिऊन ये. त्येंचं त्येंना परत करायचंय. न्हाई आलास तर तू घाटात काय काय टाकलंस त्येची समदी जंत्री मी पंचायतीत वाचून दावीन."

कैलास आला. अर्ध्या तासात. म्हनला, रविवारी खंडाळ्यात त्या 'हिरवा काठ' दुकानाचं उद्घाटन हाय, तवा मालकीन घावंल.

रविवारी सहा गोण्या टेम्पोत, मी पुढं. लोणावळ्यात पर्यटकांची ही गर्दी! गाड्या मुंगीच्या चालीनं. कैलासनं हॉर्न वाजवून वाजवून बोट सुजवलं. खंडाळ्याला पोचलो तर बंगल्याच्या दारात झेंडूचं तोरन आन काळ्या कपड्यातला गार्ड. माझं नऊवारी बगून त्यो धावतच आला.

"आजी, किती उशीर! चला, चरख्यावर बसायचंय ना?"

मला काय कळंना. आत बगितलं तर कोपऱ्यात बैठक टाकून चरखा मांडलेला, शेजारी मातीचा माठ, आन बसायला कोन न्हाई. लोकांना दावाया एक म्हातारी भाड्यानं सांगितलीवती आन ती आलीच नव्हती! मी म्हनले, "व्हय, मीच ती." आन गेले आत. कैलासला सांगितलं, गोण्या मागनं आन.

चरख्यावर बसले. सूत कुनाच्या बापानं काढलंय, मी भात लावनारी बाई. पन चाक फिरवलं. लोक फोटो काढाया लागले. पुन्याची एक बाई वाकून म्हनली, "आजी, किती छान! हे लुगडं हातमागाचं का?"

"न्हाई," म्हनले, "तळेगावच्या बाजारातलं. पटकन वाळतं."

ती बाई मागं सरली.

मग मालकीन आली. राजेश्वरी मॅडम. पन्नाशीची, कपाळाला एवढं मोठं कुंकू, गळ्यात लाकडाचे मणी. माईक हातात. बोलाया लागली, की आपण जे कपडे घालतो ते धरतीला ओझं होतात, नद्या मरतात, म्हणून मी हा वसा घेतलाय, माझ्या कपड्यात एकही कृत्रिम धागा नाही. ग्वाड बोलत व्हती. आन खरं सांगू? जे बोलत व्हती ते समदं खरंच व्हतं. फकस्त तिच्या दुकानाचं नव्हतं. पावन्यांच्या म्होरं समई मांडलीवती. जाकीट घातलेला एक पावना मेणबत्ती घिऊन उभा.

"जरा थांबा," मी म्हनले. चरख्यावरनं उठले. गुडघं असं वाजलं की माईकमंदी ऐकू गेलं. "मॅडम, लोकांच्या कापसाच्या वाती कशाला? तुमच्याच कापडाची वात लावू की. शंभर टक्के सुती हाय न्हवं?"

लोक टाळ्या वाजवाया लागले. त्येंना वाटलं ह्ये बी ठरलेलंच हाय. मॅडम हासली, पन तिच्या हास्यात खडा लागला.

तितं एका बिनमुंडक्याच्या बाहुलीवर ओढनी व्हती. तिच्या दशा उपटल्या, मांडीवर ठिवून वात वळली. वाती वळन्यात माझा हात धरनारी खंडाळ्यात अजून जन्माला यायची हाय. तेलात बुडवून समईत ठिवली. पावन्यानं मेणबत्ती लावली.

वात पेटायच्या आधी आकसली. शिंपलीतला किडा जसा अंग चोरतो तशी. मग काळी झाली, फुगली, आन तिचा एक गोळा टपकन तेलात पडला. चर्र! काळ्या धुराची शेंडी वर गेली, पावन्याच्या नाकात. त्यो खोकाया लागला.

"ती ओढणी चुकून..." मॅडम म्हनली.

"दुसरी घ्या की," मी म्हनले. एक सदरा घेतला. त्येच्या कडंचा दोरा. आकसला, टपकला, चर्र! मग एक साडी. चर्र! मग मॅडमच्याच खांद्यावरचा शेला, ती नको नको म्हनत असताना. चर्र! पाचवी वात मी लावली ती मातुर झ्याक पेटली. सरळ, पिवळी ज्योत. सासूच्या देव्हाऱ्यात जळावी तशी.

"बघा! बघा!" मॅडम वरडली. "ही सुती आहे! कुठली ही?"

"ही व्हय?" मी म्हनले. "मघाशी तो पोऱ्या टेबल पुसत व्हता ना, त्येच्या फडक्याची."

मग मागनं कुनीतरी फिस्सकन हासलं, आन तेवढ्यात कैलासनं सहा गोण्या संगमरवरी फरशीवर आपटल्या. एक फुटली. चिंध्या पावन्याच्या बुटावर.

राजेश्वरी मॅडमनं माईक ठिवला आन माझा दंड धरून मला पडद्यामागं वढलं. मागनं कैलास बी आला. तितं तिचं ग्वाड बोलनं संपलं.

"कोण तुम्ही? काय हवंय तुम्हाला?"

"माझी दाढ हवीय. तुझ्या चिंध्यांनी राब भाजला. सासूचं बी मेलं."

"मी सांगितलं होतं का जाळायला? चिंध्या पुनर्वापराला जातात असं मला लेखी दिलंय शेडवाल्यांनी."

"ह्यो बग तुझा पुनर्वापर," मी कैलासकडं बोट केलं. कैलासनं खाली बगितलं.

ती बी काय लेचीपेची नव्हती. म्हनली, "आजी, लोकांना सुती हवं असतं, पण चुरगळलेलं नको असतं. इस्त्री नको, रंग जायला नको, आटायला नको. असं सुती कापसाचं होत नाही. मिसळावंच लागतं. माझ्या ऑर्डरींवर त्या शेडमध्ये तीस बायका काम करतात. त्यांना काय सांगू? आणि तुमच्या अंगावर काय आहे? तुमचं लुगडं कशाचं आहे?"

"मिसळीचं हाय! पन मी कुटं पाटी लावलीय मातीत मिसळनार म्हनून? मी मेले की मीच मिसळनार, लुगडं नव्हं!"

तिनं शेला सारखा केला. मग म्हनली, "किती बी गेलं तुमचं? आंबेमोहर ना? मी पोतं पाठवते. पुण्यात मिळतो, उत्तम प्रतीचा."

"सडलेला?"

"म्हणजे?"

"टरफल काढलेला, सडलेला तांदूळ पेरतात व्हय गं भवाने? तू मातीच्या नावानं दुकान काढलंस आन तुला तांदूळ उगवत न्हाई ह्ये ठाव न्हाई?"

तिचं त्वांड लाल झालं. वळून कैलासला म्हनली, "हे सगळं आधी इथून उचल. आणि आता कुरवंड्याला टाकायचं नाही, समजलं?"

"मग कुटं टाकू मॅडम?"

"कुठेही टाक."

मी तिचा शेला धरला. जळका कोपरा माझ्या मुठीत आला. "बाई," म्हनले, "कुठंही नावाचं गाव न्हाई. मी ह्या घाटात जलम काढला. हितं प्रत्येक दगडाला नाव हाय. तू जितं टाकशील तितं कुनाचीतरी दाढ आस्ती."

तिनं शेला सोडवून घेतला. गार्डला हाक मारली. त्यो मला बाहेर काढताना बिचारा म्हनत व्हता, "आजी, तुमी चरख्यावाल्या न्हाई व्हय?"

बाहेर येताना बगितलं. दोन बायांनी घेतलेल्या ओढन्या गुपचूप परत टांगल्या. तिसरीनं मातुर घेतलीच. म्हनली, "असू दे, रंग छान आहे." ती ओढनी घिऊन ती माझ्याच बाजूनं गेली. मी तिला काय बोलले ते लिवन्यासारखं न्हाई.

सहा गोण्या कैलासनं परत उचलल्या न्हाईत. एवढं मातुर त्यानं केलं. म्हनला, मॅडम, टेम्पोचा क्लच गेलाय. आन त्याच टेम्पोत मला घरी सोडलं. पन वराळ्याची शेड थांबली व्हय? उद्या तो न्हाई तर दुसरा टेम्पोवाला, कुरवंडं न्हाई तर दुसरं गाव. चार दिसांनी माझ्या दारात एक पिशवी आली, हिरवं पान छापलेली. आत पाच किलो आंबेमोहर. सडलेला, पांढरा शुभ्र, एक दाणा उगवनार न्हाई असा. मी तो कोंबडीला टाकला.

ऱ्हायलं माझं बी. लावणीचे दिस आले. समद्या गावात चिखलनी चालू, माझं वावर मोकळं. आन मग काय झालं सांगू? एका सकाळी भागुबाई आपनहून बांध वलांडून आली. डोक्यावर रोपांच्या मुठींचा भारा, अंगावर इरलं, डोळ्यांत पानी. भारा माझ्या म्होरं ठिवला, माझ्या पायावर डोकं ठिवलं आन म्हनली, "आक्का, तुमच्यावाचून सासूच्या बियाला सोभा न्हाई. वीस वरसं मी चुकले. घ्या ही रोपं आन मला माफ करा." मी तिला उठवलं, पोटाशी धरलं, आन दोघी ढसाढसा...

बरं. थांबा.

वाघजाईची आन घेतलीय, आन ती देवी लय कडक हाय. म्हनून सांगते. ह्ये एवढं झालं न्हाई. बाकीच्या गोष्टीला कुनी हात लावायचा न्हाई, ती जशीच्या तशी खरी. पन भागी आली नव्हती.

मी गेले.

ती पडवीत सूप घिऊन वाल निवडत व्हती. मान बी वर केली न्हाई.

"भागे, रोपं दे," म्हनले.

"का?"

तिला ठाव व्हतं का. आख्ख्या गावाला ठाव व्हतं. पन तिला माझ्या तोंडनं ऐकायचं व्हतं.

"माझी मी जाळली."

"आन पेरलं कशाला मग? पापुद्रा दिसत नव्हता?"

"दिसत व्हता."

"मग?"

"तू बगत व्हतीस म्हनून."

ती वाल निवडत ऱ्हायली. एक किडका दाणा काढून अंगनात फेकला. म्हनली, "आधी ते कापड काढ मातीतनं. समदं. बटनासकट. तवर रोपाला हात लावू देनार न्हाई. माझी रोपं असल्या बाईच्या वावरात मराया देऊ व्हय?"

पाच दिस उकरलं. पानी साचलेलं, हात घातला की पापुद्र्याचा तुकडा यायचा, त्येला चिकटून माझेच कुजलेले दाणे. तिसऱ्या दिशी ती खुरपं घिऊन आली. मदतीला न्हाई, तपासाया. जितं मी झालं म्हनले तितं तिनं खुरपं घातलं आन दरवेळी काय ना काय बाहेर काढलं. चेनीचा तुकडा. जाळी. एक आख्खी बाही. प्रत्येकाला एक शिवी, मला, सरळ तोंडावर.

पाचव्या दिशी तिच्या खुरप्याला काय घावलं न्हाई, तवा ती निघून गेली. रोपं तवर उंच झालीवती, आनखी दोन दिसांनी लावन्यासारखी ऱ्हायली नसती. सांजच्याला तिनं मुठी आनल्या. माझ्या हातात दिल्या न्हाईत. बांधावर टाकल्या आन पाठ फिरवली.

मी उचलल्या.